हाक आणि माणूस : अमेरिकेतील वर्णद्वेषाचा भाषेच्या अंगाने विचार

(द्वितीय वर्ष कला)

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गगनाला भिडणाऱ्या इमारती, चंद्रावर उतरलेला माणूस आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहतो. सर्व माणसे जन्मतः समान आहेत असे १७७६ च्या जाहीरनाम्यात जगाला सांगणारा तो देश. परंतु त्याच जाहीरनाम्याचा मसुदा तयार करणारे थॉमस जेफरसन हे आपल्या आयुष्यात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. समतेचा उच्चार आणि विषमतेचा आचार हे दोन्ही एकाच घरात नांदत होते. अमेरिकेतील वर्णद्वेषाची कथा या विसंगतीपासूनच सुरू होते.

या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात मला त्याच्या एकाच अंगाचा विचार करायचा आहे, तो म्हणजे भाषेचा. अमेरिकेसंबंधीची मराठी पुस्तके चाळली की एक गंमत लक्षात येते. एकाच समाजाला जुन्या पुस्तकांत ‘हबशी’ म्हटलेले असते, त्यानंतरच्या पुस्तकांत ‘निग्रो’, पुढे ‘काळे’ आणि अलीकडे ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’. माणसे तीच, मग नावे का बदलली? ती कोणी बदलली? आणि नाव बदलल्याने नेमके काय साधले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की वर्णद्वेष म्हणजे केवळ मनातला तिटकारा नव्हे, ती एक रीतसर घडवलेली व्यवस्था आहे, हे हळूहळू उमगू लागते.

नाव हिरावलेली माणसे

१६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसएक आफ्रिकन माणसे एका जहाजातून उतरवून विकण्यात आली. इंग्रजांच्या त्या वसाहतीतील ही पहिली नोंद. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेतील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली होती. १६६२ मध्ये व्हर्जिनियात कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. याचा अर्थ असा की गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही गुलामच आणि मालकाच्या संपत्तीत तेवढी भर. वर्णद्वेष आधी होता आणि त्यातून गुलामगिरी आली, असे आपण सहज समजतो. पण पुष्कळ अंशी उलटेच घडले. फुकटचे श्रम हवे होते, म्हणून माणसांना जखडले; आणि जखडलेल्या माणसांना पाहून मन खाऊ नये, म्हणून ती माणसे मुळातच हीन आहेत अशी समजूत रुजवली गेली.

गुलामाचे जे जे हिरावले गेले त्यात त्याचे नावही होते. आफ्रिकेतले नाव पुसून मालक त्याला एखादे सुटसुटीत नाव देई. आडनाव कागदोपत्री नसेच. असलेच तर बहुधा मालकाचे. पुढे विसाव्या शतकात माल्कम लिटल या तरुणाने आपले आडनाव टाकून त्या जागी ‘एक्स’ हे अक्षर लावले ते यासाठीच. बीजगणितात अज्ञात संख्येला आपण ‘क्ष’ म्हणतो, तसा त्याच्या पूर्वजांच्या हरवलेल्या नावाचा हा ‘क्ष’!

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ आणि १८७० च्या दुरुस्त्यांनी नागरिकत्व आणि मताधिकारही कागदावर आले. पण दक्षिणेकडील राज्यांनी लवकरच शाळा, आगगाडीचे डबे, पाणी पिण्याच्या जागा अशा सर्व ठिकाणी गोरे आणि काळे यांना वेगळे करणारे कायदे केले. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वाच्या नावाखाली त्यांवर शिक्कामोर्तब केले. ते ‘वेगळे’ होते एवढे खरे. ‘समान’ कधीच नव्हते. आणि कायद्याहून कडक अशी जमावाची दहशत होतीच. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारले.

इंग्रजीतले अरे-तुरे

इंग्रजी शिकताना आपल्याला एक गोष्ट फार सोयीची वाटते. त्या भाषेत रावालाही ‘यू’ आणि रंकालाही ‘यू’. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. ‘ये’ आणि ‘या’. ‘तो म्हणाला’ आणि ‘ते म्हणाले’. तोंड उघडले की समोरच्याची पायरी ठरवावीच लागते. यावरून कोणालाही वाटेल की, इंग्रजीत अरे-तुरे करून अपमान करण्याची सोयच नाही. पण ज्याला दुसऱ्याला खाली ठेवायचे असते त्याला व्याकरण अडवू शकत नाही. सर्वनामाची वाट बंद असेल तर तो दुसरी शोधतो. दक्षिणेतील गोऱ्यांनी ती संबोधनात शोधली.

रीत अशी होती. गोऱ्या माणसाला ‘मिस्टर’, गोऱ्या बाईला ‘मिसेस’ किंवा ‘मिस’ म्हणायचे. कृष्णवर्णीय माणूस मात्र कितीही मोठा असो, त्याला नुसत्या नावाने हाक मारायची. नाव ठाऊक नसेल तर ‘बॉय’ म्हणायचे, मग तो साठ वर्षांचा का असेना. केस पिकले की ‘बॉय’चा ‘अंकल’ होई आणि बाईची ‘आंट’. ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ मात्र ती मरेपर्यंत होत नसत. उलट, कृष्णवर्णीयाने गोऱ्याला नुसत्या नावाने हाक मारली तर ते मारहाणीला आमंत्रण ठरे. आगगाडीत पुलमन कंपनीच्या शयनयानात प्रवाशांच्या सेवेला कृष्णवर्णीय पोर्टर असत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी सरसकट प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची सवय गुलामगिरी संपल्यावरही अशी टिकून राहिली. या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला.

‘अंकल’ आणि ‘आंट’ हे वाचून आपल्याला प्रश्न पडेल. आपणही अनोळखी माणसाला काका, मामा, मावशी म्हणतोच की! त्यात आपलेपणा असतो. मग तेथे त्यात अपमान कसा? उत्तर शब्दात नाही, देवाणघेवाणीत आहे. दोघेही एकमेकांना नात्याने हाक मारीत असतील तर तो आपलेपणा. एकाने ‘अंकल’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘मिस्टर’ म्हणायचे, असे ठरलेले असेल तर ते नाते नव्हे, ती पायरी. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. विशीतला एखादा दुकानदाराचा मुलगा त्यांना ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि वडील त्याला ‘हो, शेठ’ म्हणतात. त्या मुलाच्या मनात द्वेष असतो असे मला वाटत नाही. त्याने लहानपणापासून तेच ऐकलेले असते. म्हणूनच आदराची कसोटी बोलणाऱ्याच्या हेतूवर सोडता येत नाही. ज्या शब्दाने मी तुम्हाला हाक मारली, त्याच शब्दाने तुम्ही मला हाक मारू शकता का, हीच खरी कसोटी.

ही कसोटी अमेरिकेत एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ती. १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे अटक झाल्यानंतर ती साक्षीसाठी न्यायालयात उभी राहिली. गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस्टर’, ‘मिस’ म्हणणाऱ्या सरकारी वकिलाने तिला ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. तिने सांगितले की, मला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणा, त्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी उत्तर देण्याचा हुकूम केला, तरी ती बधली नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही ती शिक्षा कायम केली. परंतु ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. एका ‘मिस’साठी तुरुंगात जाणे हा कोणाला हट्ट वाटेल. पण न्यायासनासमोर सर्व समान असतात हे तत्त्व खरे असेल, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली हाकही समान हवी, एवढेच तिचे म्हणणे होते.

ठोकळ्यातून काढलेली माणसे

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द मूळचा छापखान्यातला. जुळवलेल्या अक्षरांवरून धातूचा ठोकळा ओतला की त्यावरून हव्या तितक्या सारख्या प्रती काढता येत. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रपंडिताने १९२२ मध्ये माणसांच्या मनातील आयत्या प्रतिमांसाठी हा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला ‘ठोकळेबाज प्रतिमा’ म्हणतो ते किती समर्पक आहे! माणूस समोर आला की त्याच्याकडे न पाहता आपण मनातला ठोकळा काढतो आणि त्याच्यावर उमटवतो.

अमेरिकेत हे ठोकळे रंगभूमीवर तयार झाले. १८३० च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ नावाच्या बावळट कृष्णवर्णीयाची नक्कल करी. ही नक्कल इतकी लोकप्रिय झाली की तिच्यातून करमणुकीचा एक प्रकारच रूढ झाला. आणि पुढे वेगळे डबे, वेगळ्या शाळा यांच्या कायद्यांनाही ‘जिम क्रो’ हेच नाव पडले. नाटकातील विनोद आणि कायद्यातील अन्याय यांत किती थोडे अंतर असते, याचा हा पुरावाच.

प्रत्येक ठोकळ्याचे एक काम होते. आळशी आणि सदा हसतमुख गडी दाखवला की गुलामगिरीत तो सुखी होता असे म्हणता येई. गोऱ्यांच्या मुलांवर जीव टाकणारी जाडजूड ‘मॅमी’ दाखवली की तिला स्वतःचीही मुले होती हे विसरता येई. दांडगा, वासनांध पुरुष दाखवला की जमावाने घेतलेले बळी योग्य ठरत. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने हा तिसरा ठोकळा पडद्यावर आणला आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी संघटना पुन्हा उभी राहिली. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियल यांना १९४० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या समारंभात त्यांना आपल्या सहकलाकारांबरोबर नव्हे, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलाशी बसवले होते. पॅनकेकच्या तयार पिठावर छापली जाणारी ‘आंट जमायमा’ ही याच मॅमीची बहीण. १८८९ मध्ये निघालेले हे नाव कंपनीने मागे घेतले ते २०२१ मध्ये, म्हणजे एकशे बत्तीस वर्षांनी.

ठोकळ्याचा सर्वांत वाईट परिणाम असा की, ज्याचा ठोकळा केलेला असतो तोही त्यावर विश्वास ठेवू लागतो. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या आसपास लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. रंगाव्यतिरिक्त हुबेहूब सारख्या असलेल्या बाहुल्या तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवून विचारले की, चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, आणि तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली आणि तपकिरी वाईट. त्यानंतर ‘तुझ्यासारखी कोणती?’ या प्रश्नाला काही मुले रडू लागली. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वेगळेपण घटनाबाह्य ठरवले, तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख निकालपत्राच्या तळटिपेत केला.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आणखी एक प्रयोग १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी प्रसिद्ध केला. तीच प्रश्नपत्रिका ‘ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे’ असे सांगून दिली तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. ‘ही बुद्धीची परीक्षा नाही’ असे सांगितले तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. हा परिणाम किती व्यापक आहे याविषयी पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. पण ज्याच्या घरात आधी कोणी परीक्षा दिलेली नाही, त्याला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपण नापास झालो तर ‘यांचे असेच’ असे कोणी म्हणेल, हे ओझे घेऊन तो पेपर लिहितो.

ठोकळा स्तुतीचा असला तरी ठोकळाच. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत जपानी, चिनी आणि पुढे भारतीय लोकांना ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हणण्याची प्रथा पडली. ऐकायला गोड, पण ‘हे पुढे गेले, मग तुम्ही का नाही?’ असे कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठीच त्या स्तुतीचा उपयोग होत आला. त्याच जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, केवळ वंशावरून छावण्यांत डांबले होते. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये.

नाव कोणी ठेवायचे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘निग्रो’ हा शब्द एके काळी अपशब्द नव्हता. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत त्याचा अर्थ केवळ ‘काळा’. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय नेत्यांनीच तो सन्मानाने वापरला. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी तर त्यातले पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापावे म्हणून मोहीम चालवली. आपल्या देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे हा झगडा आपल्याला चटकन समजत नाही. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते. आयरिश, जर्मन, ज्यू ही नावे मोठ्या अक्षराने लिहायची आणि ‘निग्रो’ मात्र टेबल-खुर्चीप्रमाणे लहान अक्षराने, याचा अर्थ इतर सारे लोकसमूह आणि ही वस्तू. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९३० मध्ये ते अक्षर मोठे केले.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणातही ‘निग्रो’ हाच शब्द वापरला. मात्र १९६६ पासून तरुण पिढीने ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने उचलला. आजवर जो रंग हिणवण्यासाठी वापरला, तोच आम्ही मिरवू, असा त्यातला भाव. १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. रंगापेक्षा मूळ भूमीचे नाव असावे हा त्यातला विचार. आज तेथे ही दोन्ही नावे चालतात; ‘निग्रो’ मात्र २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यांतूनही वगळला गेला. त्याच कायद्याने आशियाई लोकांसाठीचा ‘ओरिएंटल’ हा शब्दही काढून टाकला. ‘निग्रो’पासून बिघडवून तयार केलेली जी शिवी आहे ती तर सभ्य माणसे उच्चारीतही नाहीत, वर्तमानपत्रे तिचा निर्देश केवळ पहिल्या अक्षराने करतात.

‘रेड इंडियन’ या नावाचेही तसेच. १४९२ मध्ये कोलंबस चुकून भलत्याच किनाऱ्याला लागला आणि त्याने तेथील लोकांना ‘इंडियन’ ठरवले. चूक त्याची, नाव मात्र त्यांना चिकटले. त्यांच्या कातडीच्या रंगावरून पडलेले एक हिणकस नाव वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने अनेक दशके मिरवले. ते सोडले २०२० मध्ये. आज त्यांना ‘मूळ अमेरिकन’ म्हणतात. त्यांपैकी अनेकांना मात्र चेरोकी, नाव्हाहो असे आपल्या जमातीचे नाव अधिक आवडते.

काहीजण वैतागून म्हणतात, ‘दर वीस वर्षांनी यांची नावे बदलतात, आम्ही लक्षात तरी किती ठेवायची?’ पण यातील एक सूत्र पाहिले पाहिजे. ज्यांना नावे ठेवली गेली, ते आपले नाव आपण ठरवू पाहत आहेत. अपमानाची परिस्थिती तशीच राहिली तर नव्या शब्दालाही काही काळाने जुना वास येऊ लागतो, म्हणून पुन्हा नवा शब्द शोधावा लागतो. दोष नावे बदलणाऱ्यांचा नाही.

आपला त्याच्याशी संबंध

हा सारा दूर देशीचा प्रश्न आहे असे महाराष्ट्राला म्हणता येणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. नावाचा झगडाही आपल्याकडे झालाच. ‘हरिजन’ हा शब्द सद्भावनेने दिला गेला असेल. पण तो ज्यांना दिला त्यांना विचारून दिलेला नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याला विरोध केला, आणि पुढे ‘दलित’ हा स्वतः निवडलेला शब्द रुजला. जात आणि वर्ण हे एकच नव्हेत. पण नाव ठेवणारा वर आणि नाव सोसणारा खाली, ही रचना दोन्हीकडे सारखीच.

शिवाय अमेरिकेत गेल्यावर आपणही त्या ठोकळ्यातून सुटत नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय ‘गोरे’ नाहीत. म्हणून त्यांना नागरिकत्व नाही. ते दार उघडले १९४६ मध्ये. १९८७ मध्ये न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत काही टोळक्यांनी भारतीयांवर हल्ले केले. त्यांनी स्वतःला जे नाव घेतले होते ते आपल्या स्त्रियांच्या कपाळावरील टिकलीची टवाळी करणारे होते. आपल्या घरी जे सौभाग्याचे लेणे, ते तेथे निशाणा ठरले.

शब्द बदलले, पुढे काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग शब्द सुधारले म्हणजे झाले. तसे नाही. २००४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे उदाहरण घेऊ. त्यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना नोकरीचे सुमारे पाच हजार खोटे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांत : काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत आढळणारी नावे, काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांत आढळणारी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. ते अर्ज बाजूला सारणाऱ्यांपैकी कोणी तोंडाने अपशब्द उच्चारला असेल असे नाही. भाषा सभ्य झाली होती, निवड मात्र जुनीच राहिली होती.

मेम्फिस शहरातील सफाई कामगारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेणारे दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातील फलकांवर एवढेच लिहिलेले होते : ‘मी माणूस आहे.’ आयुष्यभर ज्यांना ‘बॉय’ म्हटले गेले त्यांचे हे उत्तर होते. पण मागण्या केवळ हाकेच्या नव्हत्या. पगारवाढ, सुरक्षित गाड्या आणि संघटनेला मान्यता या होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला संप मिटला; वेतनवाढ आणि मान्यता दोन्ही मिळाल्या. मान आणि दाम यांची त्या कामगारांनी फारकत केली नाही, हेच त्या लढ्याचे मोठेपण होय.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला आणि त्यांचा प्राण गेला. त्यानंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात, जूनमध्ये, तेथील मोठ्या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’ शब्दाचे पहिले अक्षर मोठे छापण्याचे ठरवले. एक अक्षर मोठे व्हायला एवढी किंमत! तरीही ते अक्षर निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला आपण नावाने आणि मानाने ओळखतो, त्याच्या मानेवर गुडघा ठेवणे थोडे तरी अवघड जाते. शब्द हा न्यायाचा शेवट नव्हे. पण पुष्कळदा तो आरंभ असतो.

आपण कसे लिहावे?

आपल्या वर्गात अमेरिकन साहित्य शिकवले जाते, इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत गुलामगिरीवर प्रश्न येतो. तेव्हा लिहिताना काही साध्या गोष्टी पाळता येतील. ‘निग्रो’ आणि ‘हबशी’ हे शब्द जुन्या पुस्तकांची किंवा संस्थांची नावे देतानाच यावेत. एरवी ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ म्हणावे. ‘रेड इंडियन’ऐवजी ‘मूळ अमेरिकन’ किंवा ठाऊक असल्यास जमातीचे नाव वापरावे. ‘गुलाम’ लिहिताना तो त्याचा स्वभाव नव्हता, त्याला गुलाम केले गेले होते, हे वाक्यरचनेतून दिसावे. ‘ते लोक असेच असतात’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकेतही नकोत आणि कट्ट्यावरही नकोत.

आणि मित्रहो, हे सारे दूरच्या माणसांसाठी पाळायचे आणि जवळच्यांना विसरायचे, असे होऊ नये. आपल्या महाविद्यालयाचे आवार पहाटे झाडणाऱ्या बाई, कॅन्टीनमध्ये कपबशा विसळणारा मुलगा, फाटकाशी उभे असणारे गृहस्थ, यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? मेरी हॅमिल्टनने न्यायालयाकडे जे मागितले ते फार मोठे नव्हते. तेवढे द्यायला आपल्याला कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.